सांगोवांगी ते फॉरवर्ड: ऑनलाइन माहितीचा भरवसा आणि आपसातली फूट, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी गावोगावच्या वाचनालयांत, सोसायट्यांच्या हॉलमध्ये आणि बचत गटाच्या बैठकांना या विषयावर बोलत आले आहे. बोलून झालं की लोक जे विचारतात, तेच इथे त्यांच्याच शब्दांत दिलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत. त्या प्रश्नांना दोन ओळींत वाटेला लावणं मला जमत नाही.

खोट्या बातम्या पूर्वीही होत्याच की. इंटरनेटमुळे असं काय वेगळं झालं?

होत्याच. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो ही बातमी एका दिवसात देशभर झाली, परदेशातल्या देवळांतही रांगा लागल्या. तेव्हा जवळपास कुणाच्याच हातात मोबाइल नव्हता. लँडलाइन आणि एसटीडी बूथ यांवर सगळं भागलं. माझी आईही वाटी-चमचा घेऊन रांगेत उभी राहिली होती. चमच्यातलं दूध पृष्ठताणामुळे मूर्तीच्या अंगाला लागून खाली ओघळतं, हे शास्त्रज्ञांनी लगेच करून दाखवलं. पण रांगा काही ते ऐकून हलल्या नाहीत.

ऑगस्ट २०१२ मध्ये आसाममधल्या हिंसाचारानंतर ‘ईशान्येकडच्या लोकांवर हल्ले होणार’ असे एसएमएस फिरले. बंगळूर आणि पुण्यातून हजारो मुलंमुली हाताला येईल ते सामान घेऊन गुवाहाटीच्या गाड्यांत बसली. सरकारला पंधरा दिवस एकगठ्ठा एसएमएसवर बंदी आणावी लागली, एका वेळी पाचच्या वर पाठवता येईनात.

मग बदललं काय? पूर्वी अफवा सांगणारा समोर असायचा. ‘तुला कुणी सांगितलं?’ असं विचारलं की तो ‘अमक्याने’ म्हणायचा, अमक्याला विचारलं की तो जरा गडबडायचा, आणि दोन घरं मागे गेलं की आवईतली हवा निघून जायची. फॉरवर्डला ते मागचं दार नाही. मेसेज तुमच्या मावसभावाकडून आला एवढंच दिसतं. त्याला कुणी पाठवला, त्याच्या आधी कुणी, पहिल्यांदा कुणी लिहिला, यांपैकी काहीच दिसत नाही. माणूस ओळखीचा असतो, बातमी अनोळखी असते, आणि आपण माणसावरचा विश्वास बातमीला देऊन टाकतो. या पानावरचं बाकी सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

दुसरं म्हणजे वेग. एमआयटीच्या तीन संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळातल्या ट्विटरवरच्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा प्रवास तपासला, तो अभ्यास मार्च २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली. १,५०० लोकांपर्यंत पोचायला खरीला खोटीच्या सहापट वेळ लागला. आणि हे यंत्रांनी चालवलेल्या खात्यांमुळे झालं नव्हतं, ती खाती वगळली तरी निष्कर्ष तोच राहिला. पाठवणारे आपल्यासारखेच लोक होते. खोटी बातमी नवलाची असते आणि नवल सांगायला माणसाला आवडतं, असं त्यांनी मांडलं.

एका फॉरवर्डमुळे माणसं मरतात म्हणता, हे जरा अति होत नाही का?

हा प्रश्न मला पहिल्यांदा नाशिक जिल्ह्यात विचारला गेला, शेजारच्या धुळे जिल्ह्यात जे झालं त्याला तेव्हा चार वर्षंही उलटली नव्हती.

१ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षुकीसाठी त्या भागात आले होते, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले. पाल ठोकायचं, चार दिवस गावं फिरायची, पुढे जायचं, हे या समाजाचं पिढ्यान्‌पिढ्यांचं जगणं. त्यांच्यातला एक जण बाजारात एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढं निमित्त झालं. ‘मुलं पळवणारी टोळी’ असा ओरडा झाला. आधी बाजारात मारलं, मग ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारलं. पाचही जण गेले.

त्या भागात त्याआधी काही आठवडे मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. त्या उन्हाळ्यात देशभर फिरलेली एक चित्रफीत तुम्हीही पाहिली असेल: मोटारसायकलवरचे दोघं गल्लीत खेळणाऱ्या पोरांजवळ येतात, एकाला उचलतात आणि निघून जातात. ही चित्रफीत कराचीतली, मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या जाहिरातीची. मूळ जाहिरातीत तेच दोघं लगेच परत येतात, मुलाला जिथल्या तिथे ठेवतात आणि लक्ष असू द्या असं सांगणारा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला. मुलांना जपा असं सांगायला केलेली गोष्ट अशी कापून माणसं मारायला वापरली गेली, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

त्याच दिवशी मालेगावातही जमावाने एका कुटुंबाला घेरलं होतं, त्यांच्याजवळ लहान मूल होतं. तिथे पोलिस वेळेवर पोचले आणि ती माणसं वाचली.

देशात त्या वर्षी अशा अनेक घटना झाल्यावर व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्ये भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली, जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू केली. मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण तेव्हाच आली. पुढे बऱ्याच हातांतून आलेल्या मेसेजला दोन बाण दिसू लागले आणि एप्रिल २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. ते दोन बाण बघायची सवय लावा. तो मेसेज तुमच्या माणसाने लिहिलेला नाही, कुठून कुठून फिरत आला आहे, एवढं ते बाण न चुकता सांगतात.

पालघरला साधूंची हत्या झाली ती अफवेमुळे की धर्मामुळे? आमच्या ग्रुपवर तर वेगळंच आलं होतं.

याचं उत्तर मी सविस्तर देते, कारण या एकाच घटनेत अफवा दोनदा आली: एकदा आधी, एकदा नंतर.

१६ एप्रिल २०२०. टाळेबंदीचा चौथा आठवडा. दादरा-नगर हवेलीच्या सीमेलगत, पालघर जिल्ह्यातलं गडचिंचले. त्या पट्ट्यात चोर आलेत, मुलं पळवणारे फिरतात, किडनी काढून नेतात असे मेसेज पसरले होते, गावं रात्री पहारा देत होती. मुंबईहून सुरतेला एका अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक आडवाटेने तिथे पोचले. गाडी अडवली गेली. पोलिस आले, तरी त्यांच्या देखत जमावाने तिघांना मारलं. त्या रात्रीचं चित्रण ज्यांनी पाहिलं, त्यांना त्या म्हाताऱ्या साधूचा चेहरा विसरता येणार नाही. मलाही येत नाही.

तीन दिवसांनी चित्रण सगळीकडे पोचलं आणि दुसरी अफवा सुरू झाली: मारणारे मुसलमान होते. पुरावा काय, तर गोंगाटात एक आवाज ‘शोएब बस’ म्हणतो. आवाज नीट ऐकला की तो ‘ओए बस’ असा आहे, म्हणजे ‘पुरे करा’. एका शब्दाच्या चुकीच्या ऐकण्यावर लाखो लोकांनी एका अख्ख्या समाजावर खून चढवला. शेवटी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर केली आणि त्यात एकही मुस्लिम नाही हे सांगितलं.

गृहमंत्र्यांना आरोपींचा धर्म सांगावा लागावा, यात आपण सगळे कुठे येऊन पोचलो होतो ते दिसतं. आणि त्या गदारोळात खरे प्रश्न मागे पडले. पोलिसांदेखत हे झालंच कसं? आधीपासून फिरणारी चोरांची अफवा कुणी खोडून का काढली नाही? राईनपाड्याला दोन वर्षं होत आली होती, शिकायला वेळ होता.

मतभेद तर असणारच. मग ध्रुवीकरण म्हणजे नवीन काय?

आमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप होता पाण्याच्या टाकीसाठी. टँकर कधी, लिफ्ट बंद का, गणपतीची वर्गणी किती. २०१९ च्या निवडणुकांत त्यावर राजकारणाचे फॉरवर्ड सुरू झाले. एक दिवस कुणीतरी ‘ज्यांना पटत नाही त्यांनी निघून जावं’ असं लिहिलं आणि अकरा घरं खरोखरच निघून गेली. दुसरा ग्रुप झाला. पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी टँकर आला तो निरोप पहिल्या ग्रुपवर गेला, दुसऱ्यावर कुणी टाकलाच नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी रिकाम्या बादल्या घेऊन खाली आल्या तेव्हा टँकर गेलेला होता. आजींचं राजकारणाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा मुलगा निघून गेलेल्यांत होता, एवढंच.

एखाद्या प्रश्नावर तुमचं-माझं मत वेगळं असणं हा मतभेद. वेगळ्या मताच्या माणसाला टँकरचा निरोपही द्यावासा न वाटणं हे ध्रुवीकरण. आरक्षणाच्या वादात मराठवाड्यातल्या गावांत, धर्माच्या वादात शहरांच्या पेठांत हेच होताना मी पाहते. समोरच्या गटाची एकही व्यक्ती आपल्याला रोज भेटत नाही आणि तो गट आपल्याला कळतो फक्त आपल्याच गटाने पाठवलेल्या व्हिडिओंमधून. मग त्या गटातला सगळ्यात भडक बोलणारा माणूसच आपल्याला तो अख्खा गट वाटू लागतो.

हे सगळं अल्गोरिदमचं काम आहे ना? आपला काय दोष?

थोडं आहे, सगळं नाही.

फेसबुक, यूट्यूब, इन्स्टाग्राम आपल्यापुढे काय ठेवायचं ते गणिताने ठरवतात. कशावर लोक थांबतात, काय लिहितात, कशाला उत्तर देतात, यावर ते चालतं. फेसबुकची आतली कागदपत्रं २०२१ मध्ये बाहेर आली तेव्हा कळलं, की २०१७ पासून काही काळ रागाच्या इमोजीला साध्या लाइकच्या पाचपट वजन होतं. राग येईल अशी पोस्ट त्यामुळे जास्त लोकांपुढे जायची. पुढे कंपनीने ते वजन काढून टाकलं.

पण याची दुसरी बाजूही सांगते. अमेरिकेत २०२० च्या निवडणुकीच्या वेळी संशोधकांनी काही हजार लोकांच्या फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरचा तो क्रम काढून टाकला, पोस्ट नुसत्या वेळेनुसार दाखवल्या. तीन महिन्यांनी लोकांची राजकीय मतं आणि एकमेकांविषयीची चीड यांत म्हणण्याजोगा फरक पडला नव्हता. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. नुसती कळ फिरवली की माणसं जवळ येतील, एवढं ते सोपं नाही.

आणि आपल्याकडचा मोठा भाग व्हॉट्सॲपवर घडतो. ग्रुपवर काय येणार हे तिथे कुठलाही अल्गोरिदम निवडत नाही. तो मेसेज आपल्यातल्याच कुणीतरी बोटाने निवडून पाठवलेला असतो. राईनपाडा आणि गडचिंचलेपर्यंत अफवा माणसांनी माणसांना पाठवत पाठवत नेली. म्हणून सगळं कंपन्यांवर ढकलणं मला पटत नाही.

दोन्ही बाजूंचं वाचलं की डोकं शांत राहतं, असं म्हणतात. खरं का?

मलाही तसंच वाटायचं. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ क्रिस बेल यांच्या गटाने हे करून पाहिलं, तो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ट्विटर वापरणाऱ्यांना पैसे देऊन महिनाभर विरुद्ध पक्षाच्या नेत्यांचं बोलणं रोज त्यांच्यापुढे येईल अशी व्यवस्था केली. रिपब्लिकन मंडळी आधीपेक्षा जास्त कडवी झाली. डेमोक्रॅटही किंचित आपल्याच बाजूला सरकले, पण तो फरक हिशेबात धरण्याइतका नव्हता.

मला यातून एवढं कळलं, की विरुद्ध बाजूचं ओरडणं ऐकून कुणी समजूतदार होत नाही. विरुद्ध बाजूचा एक ओळखीचा माणूस चहा पिताना काय म्हणतो ते ऐकणं वेगळं. त्याचा उपयोग होताना मी पाहिला आहे.

मेसेज खरा की खोटा हे पटकन कसं ओळखायचं?

एक उदाहरण घेऊन करून दाखवते. दर दिवाळीला एक चित्र येतं: काळ्या अंधारात भारताचा नकाशा, त्यावर पांढरे, निळे, हिरवे, लाल दिवे. खाली ओळ, ‘नासाने अंतराळातून टिपलेली दिवाळीची रात्र’. सुंदर आहे, अभिमान वाटतो, पाठवावंसं वाटतं.

थांबा. ते चित्र फोनमध्ये सेव्ह करा, गूगल लेन्समध्ये उघडा आणि हेच चित्र आधी कुठे कुठे आलं आहे ते पाहा. दोन मिनिटांत कळतं की अमेरिकेच्या एनओएए या संस्थेतले शास्त्रज्ञ क्रिस एल्विज यांनी ते २००३ मध्ये केलं होतं. वेगवेगळ्या वर्षांच्या उपग्रह-नोंदी त्यात एकत्र केल्या आहेत आणि कुठले दिवे कधी वाढले ते रंगांनी दाखवलं आहे. लोकवस्ती कशी पसरली ते त्यात दिसतं, दिवाळी दिसत नाही. नासाने २०१२ मध्ये १२ नोव्हेंबरच्या रात्रीचं भारताचं खरं उपग्रहचित्र प्रसिद्ध करून लिहिलं, की दिवाळीत वाढणारा उजेड इतका थोडा असतो की अंतराळातून तो वेगळा ओळखूही येत नाही.

आता आपण इथे काय केलं ते बघा. त्या चित्राकडे टक लावून ‘खरं वाटतंय का’ असा विचार केला नाही. चित्र बाजूला ठेवलं आणि बाहेर चौकशी केली. स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे अभ्यासक, विद्यापीठातली हुशार मुलं आणि पेशाने तथ्यं तपासणारे यांना अनोळखी वेबसाइट दाखवल्या. अभ्यासक आणि मुलं ती वेबसाइटच वरपासून खालपर्यंत वाचत बसली आणि तिच्या देखणेपणाला फसली. तपासणारे काही क्षणांत तिथून बाहेर पडले, दुसरी खिडकी उघडून ‘ही संस्था कोणाची?’ हे इतरांकडून जाणून घेतलं, आणि बहुतेक वेळा तेच बरोबर ठरले. मुलगी द्यायच्या आधी आपण मुलाला विचारत नाही, त्याच्या गल्लीत विचारतो. तसंच हे.

आणि मेसेज वाचून छातीत धडधडलं, संताप आला, डोळ्यांत पाणी आलं, तर त्याच क्षणी पुढे पाठवू नका. ज्याने तो लिहिला त्याला तुमच्याकडून तेवढंच हवं असतं.

व्हिडिओ तर डोळ्यांनी पाहिला. तो कसा खोटा असेल?

बहुतेक वेळा व्हिडिओ खरा असतो आणि खालची ओळ खोटी असते. दुसऱ्या राज्यातली, दुसऱ्या देशातली, पाच वर्षं जुनी घटना ‘आत्ता आपल्याकडे’ म्हणून येते. दुकानांच्या पाट्या कुठल्या लिपीत आहेत ते बघा. गाड्यांच्या नंबरप्लेटवर एमएच आहे का? रस्त्यावर पाऊस दिसतोय आणि तुमच्याकडे मे महिना आहे का? आणि व्हिडिओ सुरुवातीला किंवा शेवटी अचानक तुटतोय का? कराचीच्या जाहिरातीचा शेवट आठवा.

पूर्ण बनावट व्हिडिओही आता येतात. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग ॲपची जाहिरात करतोय असा व्हिडिओ फिरला. चेहरा त्याचा, आवाज त्याच्यासारखा. त्याने स्वतः पुढे येऊन तो खोटा असल्याचं सांगितलं. ओळखीचा चेहरा गुंतवणुकीचा सल्ला देतोय किंवा नातेवाइकाच्या आवाजात घाईने पैसे मागितले जातायत, असं असेल तर फोन ठेवा आणि त्या माणसाला त्याच्या नेहमीच्या नंबरवर लावा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा. वेळ फार महत्त्वाचा असतो.

विकिपीडिया आणि एआय चॅटबॉट यांच्यावर विश्वास ठेवावा का?

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे आणि आपल्यातल्याच लोकांनी फुकट वेळ देऊन उभा केला आहे, त्याचा मला आदर आहे. लेखाच्या तळाला संदर्भ असतील तर ते उघडून बघा, नसतील तर तो लेख चौकशीची सुरुवात समजा. चॅटबॉट मात्र माहीत नसलेलंही ठामपणे सांगतो. त्याने पुस्तक, निकाल किंवा आकडा सांगितला तर तो आहे का हे स्वतः उघडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खोकून हार्ट अटॅक थांबवता येतो, असा मेसेज डॉक्टरांच्या नावाने आलाय.

हा खूप जुना आहे. घरी एकटं असताना जोरात खोकत राहिल्याने झटका थांबत नाही, त्यात मोलाची मिनिटं जातात. १०८ लावा, शेजाऱ्याला हाक मारा. औषधांबद्दलच्या मेसेजखाली डॉक्टरचं नाव असतं, पण ते डॉक्टर कुठे बसतात, त्यांना विचारायचं कसं, हे कधीच नसतं, एवढं लक्षात ठेवा.

फॅक्ट चेक करणारे तरी निष्पक्ष कशावरून?

प्रश्न रास्त आहे. चांगल्या तपासणीची खूण एकच: त्यांनी निष्कर्षापर्यंत कसं पोचलो ते पायरीपायरीने दाखवलेलं असतं, मूळ व्हिडिओचा दुवा दिलेला असतो, म्हणजे तुम्हालाही तेच करून बघता येतं. मुंबईची बूम ही त्यांतली जुनी, आणखीही काही संस्था भारतीय भाषांत हे काम करतात. तीच बातमी दोन-तीन ठिकाणी पडताळून बघा.

केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची पीआयबी फॅक्ट चेक २०१९ पासून आहे. सरकारी योजना, नोटा, परीक्षा यांबद्दलच्या अफवांसाठी ती उपयोगी आहे. पण २०२३ मध्ये नियम बदलून सरकारी कामकाजाविषयी काय खोटं हे सरकारी कक्षानेच ठरवायचं, अशी तरतूद आणली गेली. मुंबई उच्च न्यायालयात आधी दोन न्यायमूर्तींचं मत विभागलं आणि २० सप्टेंबर २०२४ ला तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. ते मला योग्य वाटतं. ज्याच्या कामाबद्दल वाद आहे, त्यानेच निकाल देऊ नये.

मी ग्रुपची ॲडमिन आहे. कुणी काही टाकलं तर माझ्यावर केस होईल का?

दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी नुसतं ॲडमिन आहे म्हणून तुम्हाला गुन्हेगार धरता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलं. मात्र आधीच संगनमत असेल तर गोष्ट वेगळी. स्वतः पाठवणाऱ्याला सुटका नाही: लोकांत भीती किंवा वैर पसरवणाऱ्या मजकुरासाठी भारतीय न्याय संहितेची १९६ आणि ३५३ ही कलमं लागू शकतात.

कायद्याचा धाक उलटाही चालतो हे पालघरनेच दाखवलं होतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतल्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिणाऱ्या एका मुलीला आणि ते लाइक करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला तिथे अटक झाली. त्या अटकेवरूनच पुढे सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली आणि २४ मार्च २०१५ ला ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ लिहिणाऱ्याला शिक्षा करणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ हे कलम रद्द झालं. मत मांडणं आणि अफवा पसरवणं यांतला फरक पोलिसांना कळायला हवा, आपल्यालाही.

घरातल्या मोठ्या माणसांनी चुकीचं पाठवलं तर काय करायचं? बोललं तर राग येतो.

सगळ्यांसमोर खोडू नका. मी हे चुकत चुकत शिकले. आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी कुठल्याशा भाजीवाल्याचा व्हिडिओ टाकला, अमुक धर्माचे लोक भाजीला काय करतात असा. मी तिथेच लिहिलं, ‘काका, हे खोटं आहे’, सोबत दुवा टाकला. काकांनी उत्तर दिलं नाही, पण पुढचे चार महिने माझ्या मेसेजवर नमस्कारही टाकला नाही.

पुढच्या वेळी फोन केला. ‘काका, तो व्हिडिओ तुम्हाला कुणी पाठवला हो?’ ‘आपल्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर आला.’ ‘त्यांना कुणी पाठवला असेल?’ ते जरा थांबले. मग म्हणाले, ‘तेही कुणाकडून तरीच आलं असणार की.’ मी म्हटलं, ‘आपले नेहमीचे भाजीवाले चाचा आहेत, त्यांच्याकडून तुम्ही पंचवीस वर्षं भाजी घेताय, त्यांनी कधी असं केलं?’ काका म्हणाले, ‘छे, तो माणूस वेगळा.’ त्या ‘वेगळा’वर आम्ही बराच वेळ बोललो. व्हिडिओ त्यांनी दुसऱ्या दिवशी काढला. मी सांगितलं म्हणून काढला असं मी म्हणणार नाही.

मीच चुकीचं पाठवलं असेल तर?

एप्रिल २०२१. दुसरी लाट. मी घरच्या आणि मैत्रिणींच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला: अमुक रुग्णालयात ऑक्सिजनचे वीस बेड रिकामे, हा नंबर. मला ज्यांनी पाठवला त्या फार जबाबदार बाई आहेत, म्हणून मी फोन लावून बघितला नाही. माझ्या एका मैत्रिणीचे वडील तेव्हा घरीच होते, ऑक्सिजन ८४ वर. ती रात्रभर तो नंबर लावत राहिली, तो लागतच नव्हता. पहाटे त्यांना दुसरीकडे जागा मिळाली, ते वाचले. पण त्या रात्रीचे चार तास मी तिचे घेतले.

मेसेज ‘सर्वांसाठी डिलीट’ करायची सोय साधारण दोन-अडीच दिवस असते, पण त्यावर थांबू नका. ज्यांनी तो वाचला त्यांनी तो पुढे पाठवलेला असतो. त्याच ग्रुपवर, तेवढ्याच ठळकपणे लिहा: मी सकाळी पाठवलेला नंबर चुकीचा आहे, मी तपासला नव्हता, कृपया कुणी पाठवला असेल तर त्यांनाही कळवा. लिहिताना बोट अडखळतं, माझंही अडखळलं. मी लिहिल्यावर त्याच ग्रुपवर दोन जणींनी आपापले मेसेज मागे घेतले, एकीने प्लाझ्माचा, एकीने इंजेक्शनचा. आणि मैत्रिणीचा फोन आला. ती काही बोलली नाही, फक्त म्हणाली, बाबांना आज पेज दिली.